रिकामा हौदा, भरलेला हौदा: नव्या पिकअपने सहा दिवस

ताईने डोंगरापलीकडचा तिचा लाकूडकामाचा कारखाना बंद केला आणि रंधा मशीन आणि बँड सॉ मला द्यायचं ठरवलं. ती आणायला मी, दादा आणि दादाची मुलगी असे तिघे निघालो. एकूण सहा दिवस आणि 1,900 किलोमीटर. जाताना पिकअपचा हौदा (मागचा उघडा, सामानाचा भाग) जवळजवळ रिकामा, येताना गच्च भरलेला. तोच रस्ता, तीच गाडी, चालवणारीही बहुतेक वेळ मीच. दोन महिने शहरात फिरवून जे कळलं नव्हतं ते या फेरीत कळलं.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं बरंचसं या साच्यातल्या बहुतेक पिकअपना लागू आहे: चार दारं, सुमारे 5.3 मीटर लांबी, दीड मीटरचा हौदा, डिझेल इंजिन, मागे पाटे (एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि हवं तेव्हा लावायचं फोर व्हील ड्राइव्ह.

पहिल्या दिवशी साडेचारशे किलोमीटर महामार्ग. सरळ रस्त्यावर गाडीने जीव लावला. उंच बसायचं, लांबवरचं दिसतं, आणि इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवर ओढतं की ओव्हरटेक करताना मनाची तयारी करावी लागत नाही. नव्वदच्या वेगाला लिटरमागे 12 किलोमीटर मिळाले. पण पुलांचे जोड आले की मागची बाजू टणकन उडायची. पुढे बसलेल्याला तो नुसता आवाज वाटतो, मागे बसलेल्याला थेट पाठीत लागतो. त्यात मागच्या सीटची पाठ जवळजवळ सरळ, कारण तिच्या मागे लगेच केबिनची भिंत. तीन तासांनी भाची म्हणाली, "आत्या, आता जरा थांबूया." त्यानंतर दर दीड तासाला जागा बदलायचा नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. मागे मोठी माणसं बसवून लांब जाणार असाल तर हे आधीच ठरवा. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून ही सीट कळत नाही.

हे उडणं बिघाड नव्हे. पाटे एक टनाच्या आसपास वजन पेलायला बनवलेले असतात. सर्वांत खालचा जाड पाटा तर बऱ्याच गाड्यांत वजन पडेपर्यंत कामालाच लागत नाही. रिकामी गाडी त्यांच्यासाठी फार हलकी, म्हणून ते वाकण्याऐवजी उसळतात. निसान नवाराच्या 2014 साली आलेल्या पिढीत बऱ्याच गाड्यांना मागे पाट्यांऐवजी गुंडाळीच्या कॉइल स्प्रिंग दिल्या गेल्या. होंडा रिजलाइनला तर वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, मोटारीसारखी एकसंध बॉडी आहे. ज्यांच्या हौद्यात वर्षातले अकरा महिने फार तर सायकली आणि तंबू जाणार, त्यांनी अशी गाडी आधी चालवून पाहावी. मला यंत्रं आणि लाकूड वाहायचं होतं, म्हणून मी पाटे घेतले आणि तो निर्णय मला आजही पटतो.

दुसऱ्या दिवशी घाट आणि पाऊस. इथे गाडीने मला खरोखर घाबरवलं. एका उजव्या वळणावर चढताना जरा लवकर ॲक्सिलरेटर दिला आणि मागची चाकं डावीकडे सरकली. स्थिरता राखणाऱ्या यंत्रणेने ताबडतोब इंजिनाची ताकद कमी केली, दिवा लुकलुकला, गाडी सावरली. दादा काही बोलला नाही, फक्त वरचं हँडल धरून बसला. कारण सोपं आहे: रिकाम्या पिकअपचं बरंचसं वजन पुढच्या चाकांवर असतं आणि टू व्हील ड्राइव्हमध्ये ढकलतात मागची. ओल्या डांबरावर मागच्या टायरांना दाबायला काही नसतं.

तेव्हाच फोर व्हील लावायची इच्छा झाली होती, पण हे नीट समजून घ्या. या प्रकारच्या यंत्रणेत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आडव्या दांड्यांच्या) मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक चाकाने थोडं घसरूनच भरून निघतो. चिखलात, खडीवर घसरायला जागा असते. पकड असलेल्या डांबरावर नसते, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं, आणि शेवटी काहीतरी तुटतं. आमचा घाट कुठे ओला, कुठे झाडाखाली कोरडा, म्हणून मी ते लावलं नाही. काही गाड्यांत डांबरावरही चालणारा ऑटो मोड किंवा मधला डिफरेन्शियल असतो. विकत घेताना हा एक प्रश्न न चुकता विचारा.

घाटाच्या मध्यावर दादाने उपाय काढला. पाण्याचे वीस लिटरचे सहा रिकामे कॅन बरोबर होते, ते झऱ्यावर भरले. 120 किलो झाले. मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे, केबिनकडे, दोन ओळींत ठेवून पट्ट्याने आवळून बांधले. पुढच्याच वळणावर फरक जाणवला. मागचं सरकणं थांबलं, खड्ड्यातलं उसळणंही निम्म्यावर आलं. पावसाळ्यात रिकामी पिकअप घाटात नेणार असाल तर एवढं नक्की करा. वजन फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या दाराजवळ) मात्र ठेवू नका. ॲक्सलच्या मागे ठेवलेलं वजन पुढची बाजू उचलायला बघतं, आणि न बांधलेला कॅन ब्रेक मारल्यावर काय करेल ते सांगायला नको.

घाट उतरल्यावर 140 किलोमीटर खडीचा रस्ता, आणि इथे तीच गाडी वेगळी वाटायला लागली. फोर व्हीलची वरची रेंज (नेहमीच्या वेगाची), चारही टायरांत थोडी कमी हवा, वेग पन्नास. दगड, आडव्या लाटा, मध्येच वाहून गेलेला रस्ता, कशालाच तिने दाद दिली नाही. छोट्या मोटारीने गेलो असतो तर एवढ्यात खालून दोन-तीनदा घासलो असतो. एका ओढ्यात मांडीपेक्षा थोडं कमी पाणी होतं. बऱ्याच पिकअपना 700 ते 800 मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिलेली असते, पण ती संथ पाण्याची. वाहत्या पाण्यात गुडघ्याएवढी खोलीही गाडी बाजूला ढकलू शकते. भाची काठी घेऊन आधी चालत पलीकडे गेली, पाय कुठेच सुटत नाही असं तिने हात करून सांगितलं, तेव्हाच गाडी घातली.

धुळीने मात्र हैराण केलं. हौद्यावर गुंडाळायचं झाकण होतं, तरी संध्याकाळी बॅगांवर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींमधून धूळ आत ओढली जाते. फाळक्याला चारही बाजूंनी रबरी पट्टी लावून घ्या, आणि कपडे, कागद, औषधं केबिनमध्येच ठेवा. झाकणाच्या पुढच्या कोपऱ्यांतून पाणीही झिरपतं. झाकण असलं म्हणजे ती डिकी झाली असं समजू नका.

तिसऱ्या दिवशी ताईकडे पोचलो. चौथ्या दिवशी सकाळी भरायला घेण्याआधी मी दाराच्या चौकटीवरची वजन आणि हवेच्या आकड्यांची पट्टी वाचून कागदावर हिशेब मांडला. एकूण परवानगी 3,050 किलो. गाडीचं स्वतःचं वजन 2,130. उरले 920. त्यातून आम्ही तिघं 205, सामान आणि अवजारं 70, नंतर बसवलेलं टोइंग हुक आणि हौद्याचं झाकण 60. राहिले 585. यंत्रं दोन्ही मिळून 480. म्हणजे हाती 105 किलो. ताईला पक्क्या वाळलेल्या जाड फळ्या द्यायच्या होत्या, त्या निम्म्या तिथेच ठेवल्या. तिला वाईट वाटलं, मलाही. पण "एक टन उचलते" या वाक्यात माणसंही मोजलेली असतात, आणि नंतर लावलेली प्रत्येक वस्तूसुद्धा. गाडीच्या वजनात 75 किलोचा चालक धरलाय की नाही हेही बघा, सगळीकडे पद्धत एक नाही.

हौद्याची मापंही आधी घेऊन ठेवा, विशेषतः चाकांच्या कमानींमधलं अंतर. ते बऱ्याच गाड्यांत 1.1 मीटरच्या आसपास असतं, काही नव्या गाड्यांत थोडं जास्त. रंधा मशीनचा पाया 98 सेंटिमीटर होता म्हणून तो जमिनीवर बसला, नाहीतर कमानींवर तिरपा राहिला असता. हौदा जमिनीपासून कमरेइतका उंच, त्यामुळे दोन फळ्यांचा उतार, मध्ये खाली आधार, वरून दोरी आणि चार माणसं लागली. यंत्राखाली जाड रबर घातलं. घर्षण हा बांधणीचा अर्धा भाग आहे. मग रॅचेटचे चार पट्टे तळाच्या कड्यांना, तिरपे, एकमेकांविरुद्ध ओढणारे. बँड सॉ आडवा ठेवला, कारण उभा ठेवला की सगळं वजन वर. वीस किलोमीटरवर थांबून पट्टे तपासले तेव्हा दोन सैल झाले होते. सामान बसतं, पट्टा ताणतो, असं होतंच. त्यानंतर दर चहाला हात लावून बघितलं.

आणि परतीची गाडी! ज्या खडीवर जाताना दात वाजत होते तिथे ती बैलगाडीसारखी न उडता लांब, संथ झोके घेत चालली. भाची मागच्या सीटवर झोपली. घाटात ओल्या डांबरावर मागची चाकं एकदाही हलली नाहीत. पिकअपचा खरा स्वभाव मला त्या दिवशी भेटला. टेस्ट ड्राइव्हला आपण रिकामी गाडी चालवून मत बनवतो, आणि ज्या कामासाठी ती घ्यायची ते काम तिच्याकडून करूनच घेत नाही. शक्य असेल तर दोन-तीनशे किलो टाकून चालवायला मागा. एखादा विक्रेता तयार होतो.

वजनाची किंमतही मोजावी लागते. निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे मागची हवा वाढवली. रात्री समोरचे सगळे दिवे मारत होते, मग लक्षात आलं की मागची बाजू बसल्याने आमचे दिवे त्यांच्या डोळ्यांवर जातायत. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर दिव्यांची उंची कमी करायचं चाक असतं, ते भरल्याबरोबर फिरवा. थांबायला लागणारं अंतर स्पष्ट वाढलं होतं. घाट उतरताना हाताने खालचा गिअर धरून इंजिनाच्या ब्रेकवर उतरले. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ते तापतात, आणि तापलेले ब्रेक हवे तेव्हा धरत नाहीत. चढाला लिटरमागे साडेआठ किलोमीटरच मिळाले.

पाचव्या दिवशी खडी संपायला थोडं अंतर असताना मागचं डावं टायर बसलं. स्टेपनी हौद्याखाली साखळीवर टांगलेली, बंपरमधल्या भोकातून लांब दांडा घालून ती खाली सोडायची. दांडा मागच्या सीटच्या पाठीमागे, त्यावर सगळ्या बॅगा. भोकात चिखल वाळून दगड झालेला, दांड्याचं टोक खाचेत बसेना. दादा पाठीवर झोपून स्क्रूड्रायव्हरने वीस मिनिटं उकरत होता. मग जॅक ॲक्सलखाली जाईना, कारण बसलेलं टायर आणि वर एवढं वजन, दोन बोटं उंची कमी पडत होती. शेवटी ताईची एक फळी काढून टायरच्या पुढ्यात टाकली, गाडी हळूच तिच्यावर चढवली, तेव्हा जॅक शिरला. तीस किलोच्या आसपासचं चाक चिखलात बसवायला दोघं लागतात. सगळं मिळून सव्वा तास गेला, आणि दिवस होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

म्हणून निघण्याआधी घरीच एकदा, शक्य झाल्यास वजन टाकून, स्टेपनी काढून बसवून बघा. साखळीला तेल द्या, भोकाला रबरी बूच लावा, दांडा आणि पाना हाताशी ठेवा, आणि जॅकखाली-टायरखाली घालायला एक जाड फळी न्याच. चाक बदलल्यावर पन्नास किलोमीटरवर नट पुन्हा आवळा. आमचा एक नट पाव फेरा फिरला.

शहरात शिरल्यावर जुनी तक्रार परत आली. पार्किंगच्या रेषेबाहेर नाक येतं, आणि एका दमात वळायला बारा-तेरा मीटर रुंद जागा लागते. त्यावर कॅमेऱ्याखेरीज इलाज नाही. तुमची रोजची जागा 5.3 मीटर नसेल तर बाकी काहीही आवडलं तरी ही गाडी घेऊ नका.

सहाव्या दिवशी दुपारी यंत्रं उतरवली. रात्री दादाला आणि भाचीला सोडायला रिकामी गाडी काढली, तर पहिल्याच गतिरोधकावर तोच टणकन आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सहाही कॅन भरले आणि ॲक्सलच्या पुढे बांधून टाकले.