बोरेग आणि ओला फडका

चीज भरलेले आर्मेनियन बोरेग करताना मैद्याच्या कागदासारख्या पातळ फिलोची तिसरी पारी हातात फाटली, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. शेजारच्या आर्मेनियन आजींनी काही न बोलता उरलेल्या पाऱ्यांवर ओला फडका टाकला. करंज्या करताना आई टाकते ना, अगदी तस्साच!

"फाटू दे. लोणी लाव, वर दुसरी घाल."

मग पट्ट्या कापायच्या, टोकाशी चमचाभर सारण ठेवायचं आणि त्रिकोणावर त्रिकोण दुमडत जायचं. सारणात चीज, अंडं, भरपूर पार्सली. वरून कलौंजी. ओव्हनमध्ये 180 अंशांवर साधारण 25 मिनिटं.

मी आपलं विचारलं, "पण मूळचं चीज कोणतं?"

आजी हसल्या. "कुठलं मूळ? माझी आजी 1915 च्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीतून वाचून सीरियातल्या अलेप्पोला पोचली. तिथलं चीज खारट, पाण्यात भिजवून घ्यायचे. बैरूतला वेगळं. इथे अमेरिकेत, ग्लेंडेलमध्ये माँटेरे जॅक चीज. मिळालं ते घातलं."

आणि मी? गेल्या दिवाळीत करंजीसाठी बारीक रवा पुण्याहून बॅगेत घालून आणला. इथल्या इंडियन दुकानात मिळतो हे माहीत असून.

बोरेग छान झाले. दोन फुटले, त्यातलं चीज ट्रेवर सांडून कुरकुरीत झालं. तेच आधी संपलं, अर्थात.

सहा पाऱ्या उरल्यात, फ्रिजमध्ये. ओल्या नारळाचं सारण भरून बघू का? आईला सांगू की नको?