इया खोऱ्यातली कुलूपबंद घरं

जपानच्या शिकोकू बेटावर ओबोके स्टेशनला उतरलं की बस इया खोऱ्यात शिरते. वेलींचा झुलता पूल बघून बहुतेक लोक मागे फिरतात. मला पुढचं नागोरो बघायचं होतं, जिथे माणसांपेक्षा बाहुल्या जास्त. ओसाकाहून वडिलांसाठी गावी परतलेल्या एका बाईंनी पाखरं हाकलायला बुजगावणं केलं, ते वडिलांसारखं झालं. पुढे गाव सोडून गेलेल्यांची, वारलेल्यांचीही बुजगावणी होत गेली. शाळा 2012 साली बंद झाली. वर्गात आता तीच बसलेली असतात. फोटोत गंमत वाटते, प्रत्यक्षात मला तिथे फार वेळ थांबवलं नाही.

माझं लक्ष सारखं घरांकडे जात होतं. उतार इतका तीव्र, की घर बांधायचं तर आधी दगड रचून जागा तयार करायची. म्हणून घरं लांबट, अरुंद, पाठ डोंगराला टेकवलेली. एवढ्या कष्टाने काढलेल्या जागेवर आता कुलूप, आणि अंगणापर्यंत सीडरची झाडी आलेली. 2023 च्या सर्वेक्षणानुसार देशात रिकामी घरं सुमारे 90 लाख, म्हणजे एकूण घरांच्या 13.8 टक्के!

मग पाडत का नाहीत? एक कारण कराचं. जागेवर राहण्यासाठी बांधलेलं घर उभं असेल, मग ते रिकामं का असेना, तर 200 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचं करासाठीचं मूल्य एक षष्ठांशच धरतात. घर पाडलं की सवलत गेली. फार मोडकळीला आलेल्या घरांची सवलत काढून घेण्याची तरतूद 2015 पासून आहे, पण तोवर पडकं घर राखणंच हिशेबात बसतं. डोंगरात तर जमिनीला भावच नाही. पाडायचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त.

दुसरं कारण मी उतरले होते त्या घरगुती लॉजच्या आजींनी सांगितलं, फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने. शेजारचं घर मागायला माणसं येतात, पण आत पूर्वजांचा देव्हारा आहे, ओबोनला, म्हणजे पूर्वजांच्या सणाला, मुलं येतात, मग परक्याला द्यायचं कसं? शिवाय कागदावर अजून आजोबांचंच नाव, नातवंडं चार शहरांत. सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार?

जवळच्या ओचिआईत वेगळं चित्र दिसलं. वरच्या आणि खालच्या घरात जवळपास 390 मीटरचा फरक असलेलं हे गाव 2005 पासून संरक्षित आहे, आणि काही गवती छपरांची घरं दुरुस्त करून पाहुण्यांना देतात. सुंदर आहेत, महागही. पण पाहुणा दोन रात्री राहतो. दगडी बांध ढासळला तर तो लावायला गावात कुणीतरी लागतंच ना!

एप्रिल 2024 पासून वारसानोंद सक्तीची झाली आहे: वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत केली नाही, तर 1 लाख येनपर्यंत दंड. आजी हसत म्हणाल्या, शेजारचा थोरला मुलगा यंदा ओबोन नसतानाही आला होता. दोन दिवस कपाटं उपसत होता, कागद शोधत.