तळाचे खारे पाणी

गेली अठरा वर्षे मी रत्नागिरी परिसरात भूजल सर्वेक्षणाचे काम करतो आहे. गेल्या मे महिन्यात खाडीलगतच्या एका नव्या गृहसंकुलातून बोलावणे आले. तिथल्या विंधण विहिरींचे पाणी खारट झाले होते. सेक्रेटरी फाटकापाशीच म्हणाले, "साहेब, आणखी शंभर फूट खाली गेलो तर गोडं पाणी लागेल ना?" दर उन्हाळ्यात हाच प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतो आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो, कारण समुद्रकाठी याचे उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' असते.

संकुलात शिरण्याआधी मी कुंपणापलीकडच्या वाडीतील जुन्या विहिरीवर गेलो. जांभ्याने बांधलेली, रहाटाची ती विहीर आजवर कधी आटली नव्हती. तिथल्या काकी म्हणाल्या, "आटली नाय हो, पण डाळ शिजत नाय आणि चहात दूध घातलं की फाटतं." त्यांनी मला चहा करूनच दाखवला, पातेल्याच्या कडेला दुधाचे पांढरे कण गोळा झाले होते. मी विहिरीत मापकाची वायर सोडली. पाण्यातील क्षार जितके अधिक, तितकी त्याची विद्युतवाहकता अधिक. वरच्या पाण्याचा आकडा 700 मायक्रोसिमेन्स आला, तळाशी 4,100.

गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे किनाऱ्यालगतच्या खडकात ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर उंच असेल, तर त्या पातळीखाली साधारण 40 मीटर जाडीचा गोडा थर टिकतो. उपशाने तीच पातळी अर्ध्या मीटरवर आली, की खालचे खारे पाणी कालांतराने 20 मीटर वर सरकू शकते. खडकाच्या भेगांप्रमाणे हे गणित कमीजास्त होते, दिशा मात्र बदलत नाही. इथे खोल जाणे म्हणजे समुद्राच्या अधिक जवळ जाणे होय.

रहाटाने दिवसभर ओढले तरी या थराला धक्का लागत नसे. 96 घरांच्या संकुलाचे पंप वेगळे. विहिरीच्या आतल्या चिऱ्यावर पाण्याच्या रेषेत खडूची खूण करून मी संकुलात परतलो, खाडीकडचा पंप सुरू करायला लावला आणि दर दहा मिनिटांनी आकडा वहीत उतरवू लागलो. सुरुवातीला 900, चाळीस मिनिटांनी 1,600, दोन तासांनी 3,200. सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून वही पाहत होते. पुढे त्यांनी खोलीचा विषय काढला नाही. मी त्यांना वाडीत नेले. पाणी खडूच्या रेघेखाली चार बोटे उतरले होते, आणि त्या दोन तासांत वाडीत कुणीही रहाट फिरवला नव्हता. ते बराच वेळ काठावर वाकून पाहत राहिले.

वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात मे महिन्यात टँकर का लागतो, हे त्यांना खरोखरच कळत नव्हते. जांभा चाळणीसारखा आहे. पावसाचे बरेचसे पाणी काही आठवड्यांत झऱ्यांवाटे खाडीला मिळते. छतावरचे पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवायचे, तर 1,000 चौरस मीटर छताचे सुमारे 30 लाख लिटर होतील, पण एवढी टाकी बांधणार कुठे? तेच पाणी पावसाळ्यात रोज वापरून पंप बंद ठेवणे अधिक शहाणपणाचे, म्हणजे गोड्या थराला चार महिने भरून यायला उसंत मिळते. शहरातील माणशी 135 लिटरच्या मानकात 45 लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी धरलेले असतात. न्हाणीघराचे सांडपाणी शुद्ध करून तिकडे वळवले, तर उपसा एक तृतीयांशाने घटतो. वाढत्या शहरात नवी योजना आखण्याआधी हे व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

खाडीकडच्या दोन विंधण विहिरी त्याच आठवड्यात बंद झाल्या. उरलेल्या दोन थोड्या थोड्या वेळाने, थांबून थांबून चालवतात. फ्लशच्या वेगळ्या नळांचा खर्च सभेत अजून मंजूर व्हायचा आहे. सप्टेंबरात मी पुन्हा वाडीत गेलो, तेव्हा विहिरीच्या वरच्या पाण्याचा आकडा 260 होता आणि काकींच्या चुलीवर डाळ शिजत होती. तळाचा आकडा 2,900 होता.