तुम्ही विचारलंत म्हणून: मीटर बदलू की सेन्सर?

टाटा ४०७ किंवा त्याच्या वयाचा एखादा ट्रक चालवणारे लोक मला पुन्हा पुन्हा एकच विचारतात: "टेंपरेचरचा काटा खोटं दाखवतोय, मीटर बदलू की सेन्सर?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आत्ता काहीच बदलू नका. काटा खरंच खोटा आहे का, ते आधी पक्कं करा. काटा खरा असताना त्याला खोटा समजून भरलेली गाडी घाटात घातली, की हेड (इंजिनचा वरचा भाग) खोलायची पाळी येते. गॅसकेट, हेडचं फेसिंग, मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचं नुकसान धरलं, तर तेवढ्यात कितीतरी मीटर आले असते.

हे पक्कं करायला आता टेंपरेचर गन मिळते. पिस्तुलासारखी धरायची आणि सेन्सरच्या अगदी शेजारी, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) घरावर रोखायची. चकचकीत ॲल्युमिनियमवर मात्र ही गन हमखास कमी आकडा दाखवते. म्हणून इंजिन गार असतानाच तिथे काळ्या रंगाचा एक मॅट ठिपका मारून ठेवा आणि गाडी तापली की त्या ठिपक्यावरचं तापमान बघा. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढेमागे उघडतो. गन ८५ दाखवत असेल आणि काटा लाल पट्ट्यात असेल, तर दोष विजेचा. गनही १०५ म्हणत असेल, तर काट्याचे आभार माना आणि रेडिएटर, पंखा, पट्टा, वॉटर पंप याकडे वळा. गरम रेडिएटरचं टोपण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका.

विजेचा दोष ठरला, की या मीटरचं काम कसं चालतं ते डोक्यात घ्या, पुढचं आपोआप सुटतं. सेन्सर इंजिनमध्ये पाण्याच्या वाटेवर बसवलेला असतो. पाणी तापलं की सेन्सरचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) कमी होतो. एका प्रचलित जातीच्या सेन्सरमध्ये ४० अंशांना तो २९० ओहमच्या आसपास असतो आणि १२० अंशांना जेमतेम २२-२३. डॅशबोर्डवरून आलेली एकच वायर सेन्सरच्या डोक्यावर बसते, आणि करंट सेन्सरच्या आट्यांतून इंजिनच्या बॉडीला उतरतो. म्हणजे काट्याला तापमान कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की वायरीतून अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडातल्या करंटच्या परतीच्या वाटेला, किती करंट चाललाय.

म्हणून पहिली तपासणी फुकटातली आहे. चावी ऑन ठेवा आणि सेन्सरची वायर काढा. काटा खाली 'सी'कडे (गार) गेला पाहिजे. मग तीच वायर क्षणभर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा. काटा 'एच'कडे (गरम) निघाला पाहिजे. निघाला की लगेच वायर उचला, धरून ठेवली तर जुना मीटर जळतो. दोन्ही वेळा काटा नीट हलला, तर मीटर आणि वायर ठीक आहेत, सेन्सर किंवा त्याचा अर्थ बघा. वायर काढूनही काटा वरच राहिला, तर ती वाटेत कुठेतरी बॉडीला लागली आहे. बहुतेक वेळा ती केबिनच्या पत्र्यातून बाहेर येते तिथेच सापडते. रबराचं बूच वाळून गळून गेलेलं असतं आणि पत्र्याच्या धारेने वायरीचं कातडं सोललेलं असतं. टेकवूनही काटा हलला नाही, तर वायर तुटली आहे, मीटरला सप्लाय नाही किंवा मीटरच गेला आहे. ही तपासणी एका वायरीच्या जुन्या सेन्सरचीच बरं का. नव्या गाड्यांतल्या दोन पिनांच्या सेन्सरला असं करायचं नाही.

काटा खड्ड्यागणिक उडत असेल, तर एवढीही मेहनत नको. एवढं लोखंड आणि त्यातलं पाणी एका सेकंदात वीस अंश तापत नाही आणि निवतही नाही. उडणारा काटा म्हणजे सैल थिंबल (वायरीच्या टोकाची जोडणी) किंवा घासलेली वायर.

आता अर्थ. जुन्या ट्रकच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं ठाम मत आहे. हेडलाइट लावल्याबरोबर काटा वर सरकतो, ही तक्रार नेहमीची. लाइट लावल्याने इंजिन कसं तापेल? डॅशबोर्डचा अर्थ गंजलेला असतो, दिव्यांच्या करंटला परतीची वाट नीट मिळत नाही आणि काटा फसतो. त्या अर्थचा स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, पुन्हा घट्ट आवळा. डिझेलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे एकदम वर राहात असतील, तरी आधी हाच अर्थ बघा. ज्या गाड्यांत मीटरमागे व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तिथे नंतर तो. इंजिन ते चेसिसची अर्थची पट्टीही तपासा. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून, मल्टिमीटरने बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मोजा. पाव व्होल्टच्या वर काही दिसलं, तर पट्टी बदला.

सेन्सर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची पद्धत पडली आहे. पाणी झिरपत नाही हे खरं, पण करंट त्याच आट्यांतून जातो. टेप जाड झाली की अर्थ कच्चा होतो आणि काटा कायम कमी दाखवतो.

कमी दाखवणाऱ्या काट्याबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. वरच्या काट्याला सगळे घाबरतात, खालच्या काट्याकडे कोणी बघत नाही. कुंभार्ली घाटाच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चालली आहे, काटा वर गेलेला आहे, आणि अचानक तो भराभर खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं, गार झाली गाडी. खरं म्हणजे होज फुटून पाणी निघून गेलेलं असू शकतं. सेन्सरभोवती पाणीच उरलं नाही, तर तो मोजणार कशाला? चढावर काटा एकाएकी पडला, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पाणी बदलल्यावर आत हवा कोंडली, तरी असाच घोटाळा होतो, म्हणून हवा नीट काढा.

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत काटा नेहमीच खाली राहतो, आणि तो खराच असतो. इंजिन गार चालतं, डिझेल जास्त जातं. तिथे मीटरला दोष देऊ नका, थर्मोस्टॅट परत बसवा.

सेन्सरवर संशय उरलाच, तर तो काढून त्याचं टोक पातेल्यातल्या पाण्यात सोडा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापताना रेझिस्टन्स बघत राहा. तो सलग, न अडखळता उतरला पाहिजे. कराडसारख्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेवढं लक्षात घ्या. बोअरचं पाणी भरणाऱ्यांच्या सेन्सरवर खाराचा पांढरा थर बसतो आणि काटा उशिरा हलतो. तो थर नुसता खरवडला तरी कधी कधी काम होतं.

नवा सेन्सर घ्यायचाच झाला, तर जुना दुकानात घेऊन जा, पण आटे जुळले म्हणून खूश होऊ नका. त्याच आट्यांत वेगळ्या रेझिस्टन्सचे सेन्सर मिळतात, आणि मोठ्या ट्रकचे २४ व्होल्टचे मीटर वेगळे. मीटरवरचा नंबर सांगून त्याच्याच जोडीचा मागा. बसवल्यावर गाडी तापवा, गनने ८५ दिसले की त्या क्षणी काटा जिथे असेल तिथे काचेवर मार्करने बारीक रेघ मारा. पुढे गाडी कोणीही चालवली, तरी काटा कुठे असायला हवा ते त्याला कळेल.