पालाला घर नंबर कुठून आणायचा? आधार नोंदणीचा माझा अनुभव

केंद्रावरचं काम एका सकाळीत उरकलं. आजींच्या बोटांचे ठसे मशीन नीट घेईना, पण डोळ्यांचं स्कॅनिंग झालं. खरं अडलं ते पुढे, पडताळणीत. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमची छोटी संस्था सोलापूर जिल्ह्यात भटक्या-विमुक्तांच्या पालांवर, म्हणजे तात्पुरत्या तंबूंच्या वस्त्यांवर, काम करते. या आजी आणि त्यांची सून, दोघींकडे ना जन्मदाखला, ना रेशनकार्ड. सरपंचांनी ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र दिलं. (त्यावरचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर उमटलाच पाहिजे. आणि ते तीनच महिने चालतं.)

आता अठरा वर्षांवरच्या माणसाची पहिलीच नोंदणी असली की अर्ज राज्य सरकारच्या पडताळणीला जातो. मुदत 180 दिवसांपर्यंतची. एवढ्या दिवसांत पाल एका जागी राहतं का? पडताळणीचा माणूस आला तेव्हा पालं शेजारच्या तालुक्यात गेलेली. ‘सदर पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा पडला, अर्ज नामंजूर.

कचेरीत गेले तर उत्तर ठरलेलं: “मॅडम, कायमचा पत्ता आणा.”

“साहेब, तो असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?”

2016च्या आधार कायद्याच्या कलम 5 मध्ये भटक्या जमाती आणि कायमचं घर नसलेल्यांसाठी विशेष उपाय करावेत असं सरळ लिहिलंय. छापील प्रत टेबलावर ठेवली. साहेबांनी ती वाचली, घडी घातली आणि परत दिली. “हे दिल्लीचं झालं. आमच्याकडे पत्त्याचा रकाना आहे.”

राग त्या एका माणसावर नाही. 2009 साली आधारसाठी कोणती माहिती घ्यायची आणि ती कशी तपासायची हे ठरवणाऱ्या विठ्ठल समितीने कागद नसलेल्यांसाठी ‘परिचयकर्ता’ सुचवला होता, म्हणजे ओळखीच्या जबाबदार माणसाने हमी द्यायची. आमच्यासारख्या संस्थांना तिथे खरं काम होतं. पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला दिलं गेलं तेही आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत, आदिवासी गावात. आता आमची आठवण होते ती शिबिराला माणसं जमवायची असली की. पडताळणीची पद्धत ठरवताना पालावर फिरणाऱ्या एकाला जरी विचारलं असतं, तरी हा शेरा पडला नसता.

दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा तहसीलदारांना पत्र दिलं: येण्याआधी संस्थेला फोन करा, माणसं आम्ही हजर करतो. पत्राच्या पोचवर शिक्का मागून घेतला. तो नसता तर फोन आला नसता, हे लिहून देते. त्या दिवशी पोलीस पाटील आणि शेतमालकालाही बोलावून ठेवलं, त्यांच्यासमोर जबाब झाला. सुनेचं आधार आलं. आजींचं अजून ‘प्रक्रियेत’ आहे.

नोंदणीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्याकडेच द्या, पावसात पालात कागद टिकत नाही. आणि मोबाइल नंबर घरातल्याच कुणाचा तरी लावा. कार्यकर्त्याचा लावलात तर ओटीपीसाठी जन्मभर तुमचाच फोन वाजणार. माझा वाजतोच आहे.