तुमची चूल घेऊन जा

फोन आला तेव्हा मी भोरच्या एसटी स्टँडवर उभी होते, छत्री एका हातात, वडापाव दुसऱ्या. "ताई, तुमची ती चूल घेऊन जा. आमची जुनीच बरी होती." एवढंच बोलून पलीकडच्या माणसानं फोन ठेवला.

मी चुली बांधते. माहेर कुंभाराचं, त्यामुळे मातीत हात लहानपणापासून. गेली बारा वर्षं एका छोट्या संस्थेसाठी वरंध घाटाच्या बाजूच्या गावांत धूर कमी करणाऱ्या चुली बसवते. नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेनं गाडी जिथवर जाते तिथवर गाडी, पुढं पाय. गावांत मला नावानं कोणी हाक मारत नाही, 'चुलवाल्या ताई' म्हणतात. चूल घेऊन जा, असं मात्र बारा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

फोन आला ते घर आठवत होतं. आदल्या दिवाळीनंतर तिथं दोन भांड्यांची चूल बांधून दिली होती: पुढं मोठं तोंड, मागं वैल म्हणजे दुसऱ्या भांड्याची जागा, वैलाच्या पाठीमागून छपराबाहेर जाणारा चार इंची पाइप. घरात आजी-आजोबा, मुलगा, सून, दोन पोरं. मुलगा टेम्पो चालवतो. त्या दिवशी आजीनं मला आंबेमोहराचा भात वाढला होता, म्हणून जास्त लक्षात.

जुलैचा दुसरा आठवडा. एसटी फाट्यावर सोडून गेली, तिथून पाऊण तास चिखल. घर दिसलं तेव्हा पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की पुढच्या पाख्याच्या कौलांच्या फटीफटींतून धूर झिरपत होता. पाइप मागच्या पाख्यावर, तो पुढून दिसत नाही. तेव्हाच मागं जाऊन वर बघितलं असतं तर पुढचा अर्धा दिवस वाचला असता. पण पावसात कोण मागं जातं? मी सरळ चपला काढून आत गेले.

आत वहिनी पदर नाकाला लावून भाकरी थापत होती. आजी चुलीपाशी घोंगडीवर भिंतीला टेकून. डोळे लाल, पण ते तर सगळ्यांचेच होते, दोन मिनिटांत माझेही झाले. चुलीमागची भिंत छपरापर्यंत काळी. कोपऱ्यात गॅसची टाकी, वर भरतकामाचं झाकण, त्यावर पोरांची दप्तरं. गॅस चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. टाकी आणायची तर खाली गावात जावं लागतं.

माझी सवय अशी की आधी जळण बघायचं. लाकडातला ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र असतं माझ्याकडं. सालीवर टोचायचं नाही, तिथं ते खोटं बोलतं. लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं. ऐनाचा एक ओंडका फोडला, आकडा आला ३४. चांगलं जळण वीसच्या आत हवं. ओल्या लाकडाची काही ताकद स्वतःतलं पाणी उकळण्यातच जाते, जाळ थंड राहतो आणि लाकडातून निघालेला वायू पेटायच्या आतच बाहेर पडतो. धूर म्हणजे न जळलेलं जळणच की.

झालं, चोर सापडला. मी मांडी घालून माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. लाकूड होळीच्या आधी तोडायचं, मनगटाएवढं बारीक फोडायचं, वळचणीखाली हवा खेळेल असं रचायचं, उद्याचं जळण आज चुलीच्या कडेला वाळत ठेवायचं. वहिनीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, हे आत्ताच भाऊजींनी आणून टाकलंय. आम्ही माळ्यावरचं जाळतो. जांभळीचं, दोन वर्षांचं. बघा मोजून."

मोजलं. १६. भाषण तिथंच थांबलं.

मग खाली वाकून चुलीचं तोंड बघितलं. मी सोडलं होतं पाच इंचांचं, आता ते वीतभर रुंद होतं. कडा कोयत्यानं फोडलेल्या, वर शेणमातीचा हात फिरवून नीटनेटक्या केलेल्या. तोंड एवढं मोठं झालं की गार हवा हवी तेवढी आत शिरते, जाळ पाइपाकडं ओढला न जाता बाहेर येतो, आणि बाई सहा लाकडं एकदम कोंबते.

"हे कुणी केलं?"

वहिनी काटवटीतल्या पिठाकडं बघत राहिली. उत्तर आजीनं दिलं. "मी फोडली. भाकरी कुठं शेकू, सांग."

यावर मला उत्तर नव्हतं. भाकरी तव्यावर अर्धीच होते. खालची बाजू भाजली, वर पाणी फिरवून उलटली, की तवा उतरवायचा आणि भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, जाळाकडं तोंड करून उभी करायची. तिथं ती फुगते, पापुद्रा सुटतो. नाचणीच्या भाकरीला तर त्याशिवाय चवच नाही. माझ्या चुलीत आर ओढायला जागा नव्हती, की भाकरी उभी करायला रुंदी नव्हती. दोन महिने आजीनं तव्यावरच दाबून दाबून भाकऱ्या केल्या, म्हातारा चिडला, आणि एका सकाळी तिनं कोयता घेतला.

उचलून नेता येणाऱ्या सुधारित चुलीचं भारतीय मानक आहे, आयएस १३१५२. साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के, पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी, असं त्यात लिहिलंय. धुरातल्या कणांना आणि कार्बन मोनॉक्साइडलाही मर्यादा आहे. चांगलं आहे ते, चूल विकत घेणाऱ्यानं तेवढं तरी विचारून घ्यावं. पण ही परीक्षा होते पातेल्यातल्या पाण्यावर, एकसारख्या कापलेल्या कोरड्या लाकडावर. भाकरी त्या परीक्षेला बसत नाही. शेजारच्या वाडीत मी एक पंख्याची चूल बघितलीय. कार्यक्षमता उत्तम, पण बोटाएवढ्या ढलप्या करून घालाव्या लागतात आणि बॅटरी संपली की पंखा गप्प. त्या घरातल्या सासूबाई आता तिच्यावर बसून भाजी निवडतात.

माझे वडील सरकारी सुधारित चुलींच्या काळातले. १९८० च्या दशकात तो कार्यक्रम आला आणि २००२ साली बंद झाला. अजूनही काही घरांवर तेव्हाचे सिमेंटचे पाइप उभे दिसतात, खाली चूल मात्र नसते. वडील म्हणायचे, चूल बांधायला अर्धा दिवस लागतो, टिकवायला बाई लागते. मला ते वाक्य कधी आवडलं नाही. टिकवायला बांधणारा परत यावा लागतो, एवढं मला त्या दिवशी कळायचं होतं.

तोंडाचं कारण पटलं, तरी एवढा धूर नुसत्या तोंडानं होत नाही. वैलावर पातेलं होतं, म्हणजे तिथूनही गळत नव्हता. राहिला पाइप. पाइपाच्या बुडाशी काजळी काढायला वीटभर दार ठेवलेलं असतं, दर पंधरा दिवसांनी उघडायचं. दार शोधलं तर दारच नाही! सपाट, गुळगुळीत भिंत. वहिनी दर शुक्रवारी चूल सारवते, इतकी सुंदर की चुलीकडं बघत राहावं. त्या सारवणाखाली आठ महिन्यांत दार बुजलं होतं. उलथण्यानं टोकरत टोकरत वीट बाहेर काढली. आत हात घातला तर मऊ काजळी, आणि तिच्याखाली डांबरासारखा चकचकीत, चिकट थर. कोरड्या लाकडाची काजळी भुसभुशीत असते, झटकली की पडते. हा थर धूर आतल्या आत थंड होऊन बसला की धरतो.

माझ्या पिशवीत हातभर काठीला बांधलेला छोटा आरसा असतो. तो दारातून आत तिरका धरला की पाइपाच्या वरच्या टोकाचं आभाळ दिसतं, चवलीएवढा पांढरा ठिपका. मी धरला. ठिपका नाही. नुसता काळोख.

"वर पक्ष्यानं घरटं केलंय बहुतेक," मी म्हटलं. मुलगा शिडी लावून, ओल्या कौलांवरून जीव मुठीत धरून मागच्या पाख्यावर गेला. मिनिटभरानं वरून ओरडला, "ताई, घरटं कसलं! डबा हाय!"

"कसला डबा?"

"रंगाचा! उपडा घातलाय!"

तेवढ्यात आजोबा इरलं झटकत आत आले. त्यांनी काहीच लपवलं नाही. मेच्या वावटळीत पाइपाची टोपी उडून गेली. पहिला पाऊस सरळ चुलीत. आर विझला, राख ओली, बायका कावल्या. म्हणून त्यांनी घर रंगवलेला डबा वर चढवला. चपखल बसला. "धूर काय, जाईल की कडेनं," ते म्हणाले.

मी हसले. खरंच हसले, मुलगा वर हसत होता, वहिनीही हसली. आणि हसता हसताच वहिनी म्हणाली, "म्हणजे पाऊस लागल्यापासनंच. तरीच. आत्तींचं पित्तबी तवापासनंच वाढलंय."

"कसलं पित्त?"

"सकाळी डोकं धरून बसत्यात. उलटी काढत्यात. दोनदा डॉक्टरकडं नेलं, गोळ्या दिल्या. बाहेर पडवीत बसल्या की दुपारपर्यंत बऱ्या होत्यात."

"आजी झोपतात कुठं?"

"हितंच. चुलीपाशी ऊब असती."

रात्री आर राखेखाली झाकून ठेवायचा, म्हणजे सकाळी काडी ओढावी लागत नाही. दार बंद. खिडकीला वारा येतो म्हणून गोणपाट. पाइपावर डबा. आणि निखाऱ्यापासून दोन हातांवर आजी.

धुराची एक गोष्ट बरी, तो डोळ्यांत झोंबतो, माणूस उठून बाहेर जातो. झाकलेल्या निखाऱ्यातून निघतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो, माणसाला डोकेदुखी, मळमळ, झोप. उठलाच नाही तर सकाळी घरचे म्हणतात, झोपेत गेला.

तो मोजायचं यंत्र माझ्या पिशवीत होतं. सकाळपासून मी काढलंही नव्हतं, धूर डोळ्यांना दिसत होता ना. मुलाला वर ओरडून सांगितलं, "डबा काढू नकोस, दोन मिनिटं थांब." आजीला धरून पडवीत नेलं, वहिनीला लाकडं बाहेर ओढायला लावली, नुसता आर ठेवला. धूर निवळला. यंत्र आजीच्या उशीजवळ जमिनीवर ठेवलं. ३०, ४१, ५५. दशलक्षात ६० भागांच्या पुढं गेल्यावर ते किंचाळायला लागलं. दुपारची वेळ, दार सताड उघडं. रात्री दार लावल्यावर तो आकडा कुठं जात असेल, हा हिशेब मी मनातल्या मनात सुरू केला आणि सोडून दिला.

"काढ डबा," मी म्हटलं.

टोपी का उडाली तेही मला माहीत होतं. मीच बसवली होती. त्या दिवशी लोखंडी पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून तारेचा एक वेढा मारला आणि "पट्टी घेऊन येते पुन्हा" म्हटलं. गेले नाही. पुढची घरं होती, मार्च होता, अहवाल होता. आजोबांना मी डब्याबद्दल काय बोलणार?

पुढचे तीन तास काम केलं. दोरीला दगड आणि दगडावर गोणपाट बांधून मुलानं वरून पाइपात सोडलं, मी खालून दारातून ओढलं, पंधरा-वीस वेळा वर-खाली. अर्धी पाटी काजळी निघाली. चिकट थर उलथण्यानं खरवडला, थोडा राहिलाच. टोपी आजोबांनी गोठ्यातून शोधून आणली, चेपलेली. ती ठोकून सरळ केली, या वेळी पट्टी आणि दोन बोल्ट. सफाईच्या विटेला तारेची कडी लावली, म्हणजे सारवताना हाताला लागेल. तोंड पुन्हा पाच इंचांचं केलं, पण त्याच्यापुढं दीड वितीचा सखल ओटा काढला, त्यावर आर ओढायचा, भाकरी तिथं उभी करायची. हा ओटा आजीनं पडवीतून ओरडून ओरडून माझ्याकडून करून घेतला. "उतार आत दे. आत. पोरी, राख माझ्या मांडीत येईल अशानं!"

माती ओली होती, पहिला जाळ बारीकच घालायला हवा होता, पण कोणाला धीर? आरसा धरला, ठिपका दिसला. वहिनीनं जांभळीच्या तीन काटक्या लावल्या. धूर क्षणभर तोंडाशी घुटमळला आणि मग आत वळला, पाइपात हुं हुं असा आवाज सुरू झाला. आजीनं स्वतः भाकरी थापली. ओट्यावर उभी केली. अर्धी फुगली, कडेला एक ठिकाणी फाटली.

"ओटा अजून बोटभर खाली पायजे," ती म्हणाली.

डॉक्टरांना दाखवायला एका कागदावर लिहून दिलं: चुलीचा पाइप बंद होता, रुग्ण निखाऱ्याजवळ झोपत होती, कार्बन मोनॉक्साइड. आजीला आतल्या खोलीत झोपायला सांगितलं. ती "बघू" म्हणाली. मी मुलाकडं बघितलं, तो म्हणाला, "आजच हलवतो खाट."

फाट्यावर शेवटच्या एसटीला पाऊण तास होता. आमच्या संस्थेचा चूल बसवायच्या आधी भरायचा एक फॉर्म आहे, मीच केलेला. माणसं किती, जळण कुठलं, स्वयंपाक कोण करतं, छप्पर कशाचं, असे चौदा प्रश्न. भाकरीचा एक नाही, झोपण्याचा एक नाही. वहीच्या मागच्या पानावर त्या दिवाळीनंतर तारेवर टोप्या बसवलेल्या घरांची नावं आठवून आठवून लिहिली. सात झाली. पहिल्या नावाला फोन लावला.

"वहिनी, चुलवाली ताई बोलते. पाइपाची टोपी आहे का जागेवर?"

"आता पावसात कोण बघतंय वर."

"बरं. रात्री चुलीपाशी कोण झोपतं?"

पलीकडं ती हसायला लागली. "कोण झोपणार? आमची मांजर." मग जरा थांबून म्हणाली, "आन् मामंजी. का हो?"