चांगलं आहे बाई त्यांचं

बटरमियर, शुक्रवार, रात्री उशिरा

आईचं दुपारचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. तेही मेंढ्यांबद्दलचं.

तळ्याला फेरी मारत होतो. साधारण सात किलोमीटरची, बरीचशी सपाट वाट. तिच्या गुडघ्यांना झेपेल म्हणून तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं हेच ठिकाण धरलं. हॅसनेसच्या बाजूला खडकात खोदलेला बोगदा लागतो. त्यात तिने माझा हात धरला, तो बाहेर आल्यावरही सोडला नाही. पुढे गेट्सगार्थला हर्डविक मेंढ्या चरत होत्या. अंग करडं, तोंड पांढरं, आणि पोटाशी काळीकुळकुळीत कोकरं.

"ही हिचीच?"

म्हटलं, हो, जन्मतात काळी, मग वयाबरोबर करडी होतात.

"आणि वर डोंगरावर यांची राखण कोण करतं?"

सांगितलं की वर कुंपण नसतंच. प्रत्येक कळपाचा उतार ठरलेला. कोकरू आईमागे चरता चरता तो शिकतं आणि पुढे तिथेच राहतं.

"चांगलं आहे बाई त्यांचं," म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसायला लागली.

टोमणा होता का? आई टोमणे मारत नाही, ते मावशीचं खातं. मग मला का लागलं एवढं? मी काय पळून आले होते? व्हिसा आला तेव्हा गल्लीत पेढे हिनेच वाटले. दादा तर तिथेच राहतो, आणि तरीही... जाऊ दे. पण दरवेळी लांब गेलेलीनेच हिशोब द्यायचा का?

संध्याकाळी बाहेर जेवू म्हटलं तर ऐकेना. या भाड्याच्या घरात वाइनचे ग्लास ओळीने मांडलेत, पण पोळपाट-लाटणं नाही, चिमटा नाही. तिने ओटा पुसून घेतला आणि रिकाम्या बाटलीने पोळ्या लाटल्या. कडा जरा जाड राहिल्या म्हणून हळहळत होती.

जेवताना मीच पुन्हा मेंढ्यांवर आले. 2001 साली लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा इथे कंब्रियात, म्हणजे याच परगण्यात, कळपच्या कळप मारावे लागले. डोंगर ओळखणाऱ्या मेंढ्याच गेल्या तर विकतच्या मेंढ्यांना तो कोण शिकवणार, ही मोठी धास्ती होती. नव्या मेंढ्या भरकटतात, माणसांनी वर जाऊन त्यांना परत परत वळवावं लागतं.

"पण लागते ना सवय?"

"लागते. वर्षं जातात."

"जाणारच," म्हणाली, आणि न विचारता आणखी एक पोळी वाढली.

भांडी घासताना सुचलं, ती तरी कुठे आजीच्या अंगणात राहिली? लग्न करून कऱ्हाडहून नाशिकला आली, तेव्हा आत्ताच्या माझ्यापेक्षा कितीतरी लहान होती. आजीचं पत्र आलं की मोरीत जाऊन वाचायची, हे बाबांनी सांगितलेलं. तिने कधीच नाही. ते वाक्य माझ्याबद्दल नसेलही. मी आपलं दुपारपासून स्वतःवर ओढून घेतलंय. आणि असलं माझ्याबद्दल, तरी तिला म्हणायचा हक्क आहे.

उद्या दहाच्या आत घर रिकामं करायचंय. गाडीत भरपूर वेळ मिळेल, तेव्हा कऱ्हाडचा विषय मी काढणार आहे. नाशिकच्या घराचा तिने काढला तर काढू दे.